भटारखान्यातला खलाशी : डोरिस मिलर

डोरिस मिलर हा अमेरिकी नौदलातला मेस अटेंडंट होता. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचे, त्यांच्या खोल्या आवरायच्या, मळके कपडे धुलाईसाठी गोळा करायचे, हे त्याचे काम. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा याच सेवकाने ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवरची विमानविरोधी मशीनगन चालवली, जखमींना सुरक्षित जागी हलवले, आणि पुढे ‘नेव्ही क्रॉस’ हे शौर्यपदक मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकी ठरला. मिलरने त्या सकाळी जे केले ते काही तासांत आटोपले. सरकारने त्याची योग्य ती दखल घ्यावी म्हणून मात्र पाच महिने झगडावे लागले, आणि ही दुसरी लढाई पहिलीइतकीच समजून घेण्याजोगी आहे.

मिलरचा जन्म १२ ऑक्टोबर १९१९ रोजी टेक्सास राज्यातील वेको या गावाजवळ झाला. कॉनरी आणि हेन्रिएटा मिलर यांच्या चार मुलांपैकी तो तिसरा. ‘डोरिस’ हे खरे तर मुलीचे नाव. या खेपेस मुलगी होणार अशी सुईणीची खात्री होती, त्यामुळे नाव आधीच ठरले, आणि मुलगा झाला तरी तेच कायम राहिले, अशी हकीकत सांगतात. बाप अर्धेलीने शेती करणारा. टेक्सासच्या त्या भागात मुख्य पीक कापसाचे, आणि घरातल्या मुलांचे हात शाळेपेक्षा शेतात जास्त लागत. मिलर अंगापिंडाने दांडगा होता. ए. जे. मूर हायस्कूलच्या फुटबॉल संघात त्याचा दरारा होता, पण शिक्षण पुरे झाले नाही.

वेको हे गोऱ्यांचे वर्चस्व उघडपणे मिरवणारे गाव होते. मिलरच्या जन्माच्या तीनच वर्षे आधी, मे १९१६मध्ये, जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला तिथल्या न्यायालयातून ओढून नेऊन नगरभवनासमोर, हजारो लोकांच्या जमावापुढे, जिवंत जाळण्यात आले होते. त्या प्रसंगाची छायाचित्रे काढून टपालकार्डे म्हणून विकली गेली. अशा गावातल्या गरीब कृष्णवर्णीय तरुणापुढे मंदीच्या काळात वाटा थोड्याच उरत. नौदलात नियमित पगार होता, पोटभर जेवण होते, आणि घरी पैसे पाठवता येत. सप्टेंबर १९३९मध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच, मिलर नौदलात भरती झाला.

भरती झाला ती मेस अटेंडंट म्हणून, कारण दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते. अमेरिकी नौदल पूर्वीपासून असे नव्हते. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात उत्तरेच्या जहाजांवर गोरे आणि काळे खलाशी एकत्र राहत, एकत्र लढत. पुढे विसाव्या शतकात वर्णभेदाचे कायदे दक्षिणेत पक्के झाले तसे नौदलही बदलले. पहिल्या महायुद्धानंतर कृष्णवर्णीयांची भरती जवळजवळ थांबली आणि अधिकाऱ्यांच्या सेवेसाठी फिलिपिनो तरुण घेतले जाऊ लागले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला भरती पुन्हा सुरू झाली तीही फक्त भटारखान्यापुरती. या शाखेतल्या माणसाचा गणवेश वेगळा, राहण्याची जागा वेगळी, बढतीची शिडीही वेगळी आणि आखूड. कितीही वर्षे नोकरी झाली तरी त्याचा हुकूम सर्वांत नव्या गोऱ्या खलाशावरही चालत नसे. १९४०मध्ये ‘फिलाडेल्फिया’ या क्रूझरवरच्या पंधरा मेस अटेंडंटांनी ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राला पत्र लिहून आयांना कळकळीने सांगितले की मुलांना नौदलात धाडू नका, इथे त्यांच्या वाट्याला ताटे वाढणे आणि बिछाने घालणे एवढेच येते. नौदलाने तक्रारीची चौकशी करण्याऐवजी पत्र लिहिणाऱ्यांनाच नोकरीतून काढले.

मिलरचे प्रशिक्षण व्हर्जिनियातील नॉरफोकला झाले. थोडे दिवस ‘पायरो’ या दारूगोळा वाहणाऱ्या जहाजावर काढून २ जानेवारी १९४० रोजी तो ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर रुजू झाला. सोळा इंची तोफांची ही युद्धनौका पॅसिफिक महासागरातल्या ताफ्याच्या आधारस्तंभांपैकी एक होती. जहाजांवर त्या काळी मुष्टियुद्धाचे सामने रंगत. मिलर थोड्याच अवधीत आपल्या नौकेचा हेवीवेट विजेता झाला. त्यामुळे वेगळ्या कारणाने का होईना, पण त्याचे नाव जहाजावर सर्वांना माहीत होते. त्याच वर्षी जुलैत त्याला काही आठवड्यांसाठी ‘नेवाडा’ या युद्धनौकेवरच्या तोफखाना प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आले. लढाईच्या वेळी मेस अटेंडंटांनाही काम नेमून दिलेले असे, ते बहुतेक वेळा कोठारातून दारूगोळा वर पोचवण्याचे. मशीनगनच्या खटक्यावर बोट ठेवण्याचे शिक्षण मात्र त्यांना दिले जात नसे. मिलरच्या पराक्रमाच्या सांगोवांगीत त्याने बंदूक कधी पाहिलीच नव्हती असे येते, ते ओढूनताणून आणलेले आहे. ती त्याने रोज पाहिली होती, इतरांना चालवतानाही पाहिले होते. चालवण्याचा अधिकार त्याला नव्हता.

७ डिसेंबर १९४१ हा रविवार होता. हवाई बेटांतल्या ओआहूवरच्या पर्ल हार्बर बंदरात, फोर्ड बेटाच्या कडेला सात युद्धनौका ओळीने नांगरलेल्या होत्या. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ ‘टेनेसी’च्या बाहेरच्या अंगाला बांधलेली होती, म्हणजे तिची डावी बाजू खुल्या पाण्याकडे. टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानांना याहून सोपे लक्ष्य मिळणे अवघड होते. मिलर सहा वाजता उठला, न्याहारी वाढून झाली, आणि आठ वाजायच्या सुमारास तो मळके कपडे गोळा करत होता. तेवढ्यात ‘आकागी’ या विमानवाहू नौकेवरून आलेल्या विमानांपैकी एकाचा टॉर्पेडो नौकेवर आदळला. त्यामागून आणखी आदळले. एकूण निदान सात टॉर्पेडो आणि दोन बाँब तिच्या वाट्याला आले. दोन्ही बाँब फुटले नाहीत, हे नशीबच.

मिलरची नेमलेली जागा नौकेच्या मध्यभागी विमानविरोधी तोफांच्या दारूगोळा कोठाराजवळ होती. तो तिथे धावला, तर टॉर्पेडोने ती जागाच उद्ध्वस्त केलेली. मग तो मोठ्या बोळांच्या चौकात येऊन थांबला. खलाशी या चौकाला न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या चौकावरून ‘टाइम्स स्क्वेअर’ म्हणत. तिथे संपर्क अधिकारी लेफ्टनंट कमांडर डॉयर जॉन्सनने त्याला हेरले. माणूस दांडगा होता, आणि वर अशाच माणसाची गरज होती.

वर नियंत्रणकक्षाजवळ कॅप्टन मर्व्हिन बेनियन पडला होता. शेजारच्या ‘टेनेसी’वर पडलेल्या बाँबचा एक तुकडा उडून त्याच्या पोटात घुसला होता. मिलर आणि इतरांनी त्याला उघड्या जागेतून उचलून आडोशाला आणले. बेनियन आपली जागा सोडून खाली जायला तयार नव्हता. वेदना सोशीत तो लढाईची खबर विचारत राहिला आणि सूचना देत राहिला. पुढे त्याच सकाळी त्याचा प्राण गेला. बेनियनला पुढे मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्याला मिळालेले पदक आणि त्याला उचलणाऱ्याला मिळालेले पदक यांतला फरक पुढच्या वादात वारंवार निघाला.

नियंत्रणकक्षामागे दोन ब्राउनिंग मशीनगना होत्या, पॉइंट पन्नास इंच व्यासाच्या. लेफ्टनंट फ्रेडरिक व्हाइटने मिलरला आणि एन्साइन व्हिक्टर डेलानोला तिकडे नेले. मिलरने गोळ्यांचे पट्टे पुरवावेत आणि अधिकाऱ्यांनी गोळीबार करावा, अशी डेलानोची अपेक्षा होती. डेलानो क्षणभर दुसरीकडे वळला आणि परत पाहतो तो एका गनवर मिलर उभा राहून विमानांवर मारा करत होता. कोणी हुकूम दिला नव्हता, कोणी थांबवलेही नाही. व्हाइटने गन भरून दिली आणि मिलर सुमारे पंधरा मिनिटे, गोळ्या संपेपर्यंत, ती चालवत राहिला. यात अवघड असे काही नव्हते, खटका ओढला आणि ती नीट चालली, अशा आशयाचे तो नंतर बोलला. एक विमान आपण पाडले असावे असेही त्याला वाटत होते.

त्याने किती विमाने पाडली यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. कोणी दोन म्हणतात, कोणी चार, कोणी सहा. त्या सकाळी जपानची एकूण २९ विमाने गेली, आणि बंदरातल्या शेकडो तोफा-बंदुका एकाच वेळी आभाळात आग ओकत होत्या. अशा गदारोळात अमुक गोळी अमुक विमानाला लागली असे छातीठोकपणे सांगणे शक्यच नव्हते. नौदलाने मिलरच्या नावावर एकही विमान लावलेले नाही. त्याच्या मानपत्रातही विमान पाडल्याचा दावा नाही. शत्रूच्या माऱ्याखाली, पेटलेल्या नौकेवर, कॅप्टनला हलवणे आणि मग मशीनगन चालवणे, एवढाच उल्लेख आहे आणि तो पुरेसा आहे. विमानांचा आकडा वाढवणाऱ्यांनी त्याच्या कीर्तीत भर घातली नाही, उलट शंकेखोरांच्या हाती कोलीत दिले.

गोळ्या संपल्यावर मिलरचे काम संपले नव्हते. शेजारी ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेच्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन ती फुटली होती, पाण्यावर तेल पसरून पेटले होते, धुराने श्वास घेता येत नव्हता. त्याने आणि इतरांनी कॅप्टनला धुरातून आणखी वरच्या मजल्यावर नेले. त्यानंतर तेलाने आणि पाण्याने भरलेल्या डेकवरून जखमींना ओढत तो मागच्या बाजूला आणत राहिला. यातून अनेकांचे जीव वाचले. नौका उलटली नाही याचे श्रेय लेफ्टनंट क्लॉड रिकेट्स या अधिकाऱ्याकडे जाते. त्याने विरुद्ध बाजूच्या कप्प्यांत मुद्दाम पाणी सोडवून तिचा तोल सावरला. त्यामुळे ती ‘ओक्लाहोमा’ या युद्धनौकेसारखी कलंडली नाही, उभ्याने बंदराच्या तळाला टेकली. जहाज सोडण्याचा हुकूम झाला तेव्हा शेवटी उतरलेल्या मोजक्या जणांत मिलर होता. ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर १०६ जण मरण पावले. त्यांतले तिघे खालच्या एका बंद कप्प्यात सोळा दिवस जिवंत होते, हे जहाज वर काढल्यावर त्यांनी खुणा केलेल्या दिनदर्शिकेवरून कळले.

हल्ल्यानंतर आठवड्याच्या आत मिलरची बदली ‘इंडियानापोलिस’ या क्रूझरवर झाली. १ जानेवारी १९४२ रोजी नौदलाने पर्ल हार्बरमध्ये कामगिरी करणाऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात एका ‘अनामिक निग्रो’ खलाशाचा उल्लेख होता. बाकीच्यांची नावे होती, याचे नव्हते. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी हे नाव शोधून काढण्याचा पिच्छा पुरवला. लॉरेन्स रेडिक हा इतिहासकार नौदलाकडे पत्रव्यवहार करत राहिला, आणि मार्च महिन्यात नाव उघड झाले. १४ मार्चच्या अंकात ‘पिट्सबर्ग कुरियर’ने ते छापले. या वृत्तपत्राने त्याच सुमारास ‘दुहेरी विजया’ची मोहीम उघडली होती : परदेशात हुकूमशाहीवर विजय आणि घरात वर्णभेदावर विजय. या मोहिमेला हवा असलेला माणूस अचानक समोर उभा राहिला. तो भाषण करणारा नेता नव्हता, मळके कपडे गोळा करता करता लढलेला कापूस वेचणाऱ्याचा मुलगा होता.

सिनेटमध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स मीडने आणि प्रतिनिधिगृहात मिशिगनच्या जॉन डिंगेलने मिलरला ‘मेडल ऑफ ऑनर’ द्यावे अशी विधेयके मांडली. नौदलमंत्री फ्रँक नॉक्स याचा त्याला विरोध होता. कृष्णवर्णीयांना सर्वसाधारण खलाशी म्हणून घेण्यासही तो विरोध करत आला होता. १ एप्रिल १९४२ रोजी त्याने मिलरला प्रशस्तिपत्र दिले, म्हणजे पदकाऐवजी कागद. जनमताचा दाब वाढत गेला आणि ११ मे रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्टने नेव्ही क्रॉसला मंजुरी दिली. त्या काळात हे पदक प्रतिष्ठेच्या क्रमाने तिसरे होते, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते दुसरे झाले. विधेयके मात्र बारगळली.

२७ मे १९४२ रोजी पर्ल हार्बरमध्येच ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू नौकेच्या डेकवर पॅसिफिक ताफ्याचा सेनापती ॲडमिरल चेस्टर निमिट्झने मिलरच्या छातीवर पदक लावले. या युद्धात पॅसिफिक ताफ्यात मिलरच्या वंशातल्या माणसाचा असा गौरव पहिल्यांदाच होत आहे, असे निमिट्झने बोलून दाखवले. दुसऱ्या दिवशी ‘एंटरप्राइझ’ मिडवे बेटाच्या दिशेने निघाली. मिलर ‘इंडियानापोलिस’वर परत गेला. दर्जा एकेक पायरीने वर चढला, पण शाखा तीच राहिली. गोऱ्या वीरांना युद्धकर्जाच्या रोख्यांच्या प्रचारासाठी देशभर फिरवले जाते, मग मिलरला का नाही, अशी विचारणा ‘कुरियर’ने लावून धरली. अखेर त्या वर्षाच्या शेवटी त्याला मायदेशी बोलावले गेले आणि ओकलंड, वेको, डॅलस आणि शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स प्रशिक्षणतळावर त्याची भाषणे ठेवली गेली. १९४३मध्ये नौदलाने भरतीसाठी काढलेल्या भित्तिचित्रावर त्याचा चेहरा आणि छातीवरचे पदक झळकले. चित्रातल्या माणसाला स्वतःला तोफेवर नेमणूक मिळाली नव्हती, ही विसंगती नौदलाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. कदाचित आलीही असेल आणि तिची फारशी पर्वा नसेल.

एक बदल मात्र झाला होता. १ जून १९४२पासून कृष्णवर्णीयांना सर्वसाधारण सेवेसाठी भरती करण्याचे नौदलाने जाहीर केले, तेही वेगळ्या छावण्यांत आणि बहुतेक किनाऱ्यावरच्या कामांसाठी. याचे सारे श्रेय एकट्या मिलरला देणे बरोबर नाही. संघटनांचा दबाव आणि मनुष्यबळाची गरज ही मोठी कारणे होती. पण कृष्णवर्णीय माणूस संकटात डगमगेल, तोफ त्याच्या हाती देता येणार नाही, हा युक्तिवाद करणाऱ्यांची अडचण त्याच्या उदाहरणाने नक्कीच झाली.

१९४३च्या जूनमध्ये मिलर कुक थर्ड क्लास या हुद्द्यावर ‘लिस्कम बे’ या नव्या जहाजावर गेला. ही छोट्या आकाराची, ताफ्याला सोबत करणारी विमानवाहू नौका. घाईने बांधलेल्या या जातीच्या जहाजांचे चिलखत पातळ होते आणि बाँबकोठाराला पुरेसे संरक्षण नव्हते. नोव्हेंबरमध्ये ती गिल्बर्ट बेटांवरच्या मोहिमेत सामील झाली. २४ नोव्हेंबर १९४३ रोजी पहाटे, बुटारिटारी बेटाजवळ, जपानच्या आय-१७५ या पाणबुडीने सोडलेला टॉर्पेडो तिच्या मागच्या भागात घुसला. तिथले बाँबकोठार एकदम उडाले. स्फोट इतका मोठा होता की सुमारे दीड किलोमीटरवर असलेल्या ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेच्या डेकवर अवशेष येऊन पडले. २३ मिनिटांत ‘लिस्कम बे’ बुडाली. कॅप्टन आयर्व्हिंग विल्टसी आणि रिअर ॲडमिरल हेन्री मलिनिक्स यांच्यासह ६४०हून अधिक जण गेले, २७२ वाचले. वाचलेल्यांत मिलर नव्हता. तो चोवीस वर्षांचा होता. मुलगा बेपत्ता असल्याची तार वेकोला आईबापांच्या हाती पडली ती ७ डिसेंबर १९४३ रोजी, पर्ल हार्बरला बरोबर दोन वर्षे होत असताना. वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४४ रोजी, नौदलाने त्याला अधिकृतरीत्या मृत घोषित केले.

त्याच वर्षी, मार्च १९४४मध्ये, तेरा कृष्णवर्णीयांना पहिल्यांदा नौदल अधिकारी करण्यात आले. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमनच्या आदेशाने सैन्यदलांतला वर्णभेद कागदावर संपला, प्रत्यक्षात तो उतरायला आणखी बराच काळ गेला. ३० जून १९७३ रोजी मिलरच्या नावाची ‘मिलर’ ही फ्रिगेट नौदलात दाखल झाली. २०१०मध्ये त्याचे टपाल तिकीट निघाले. ‘पर्ल हार्बर’ या २००१च्या चित्रपटात क्युबा गुडिंग ज्युनियरने त्याची भूमिका केली, आणि पुढच्या पिढीतल्या बहुतेकांना मिलर त्या चित्रपटामुळेच ठाऊक आहे.

‘मेडल ऑफ ऑनर’चा प्रश्न तसाच राहिला. दुसऱ्या महायुद्धातल्या कामगिरीसाठी चारशेहून अधिक अमेरिकी सैनिकांना हे पदक मिळाले. युद्धाच्या काळात त्यात एकही कृष्णवर्णीय नव्हता. हा योगायोग नव्हता हे मान्य करून लष्कराने १९९०च्या दशकात जुने दप्तर तपासले आणि १९९७मध्ये सात जणांना पदके दिली, त्यांतली सहा मरणोत्तर. सातही जण भूदलातले होते. मिलरला सर्वोच्च पदक द्यावे अशी विधेयके त्यानंतरही काँग्रेसमध्ये मांडली गेली, पण ते पदक मिळाले नाही. २० जानेवारी २०२० रोजी, मार्टिन लूथर किंग दिनी, नौदलाने पर्ल हार्बरमध्ये जाहीर केले की फोर्ड वर्गातल्या, अणुशक्तीवर चालणाऱ्या चौथ्या विमानवाहू नौकेचे नाव ‘डोरिस मिलर’ असेल. या आकाराच्या नौकांना सहसा राष्ट्राध्यक्षांची नावे दिली जातात. अधिकारी नसलेल्या साध्या खलाशाचे, आणि कृष्णवर्णीय माणसाचे, नाव मिळालेली ही अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका आहे.